वस्तादांचा अंगठा
दुखऱ्या अंगाला चोळायच्या विंटरग्रीन तेलाचा वास आला की मला साताऱ्याचा तो सरकारी दवाखाना आठवतो. लढाई नुकतीच संपलेली. जखमी शिपायांचे हातपाय चोळायला माणूस हवा होता, पण शिकल्याचा दाखला असलेलाच घ्यायचा, अशी अट होती. मी उंब्रजच्या तालमीत पंधरा वर्षं पैलवानांची अंगं रगडलेली. आमच्या वस्तादांना लिहिता येत नव्हतं; त्यांनी कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून घेतली, खाली अंगठा उठवला, आणि तीच मी डॉक्टरांपुढं ठेवली. "आवं, ह्यो अंगठा टेकला की कळ पळती," मी माझा अंगठा दाखवत म्हणालो. डॉक्टर नुसते हसले. शेजारी त्याच जागेसाठी आलेला आमच्याच तालमीतला एक गडी उभा होता. त्याला चोळायला मीच शिकवलेलं. पुढं तो पलटणीत गेला आणि तिथल्या इस्पितळातून सहा महिन्यांत शिक्क्याचा कागद घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला एका शिपायाचा आखडलेला गुडघा चोळायला सांगितला. शिपाई बोंबलू दे म्हणून मी पालीच्या खंडोबाला नवस बोललो. पण त्यानं मी शिकवलं तशीच टाचेपासून सुरुवात केली, आणि शिपाई डोळे मिटून म्हणाला, "लय बरं वाटलं, गड्या." आता माझ्या गुडघ्याला तेच तेल चोळायला एक दाखलेवाली बाई येते. "बरं वाटतंय का, आजोबा?" ती रोज विचारते. वाटतं, पण तोंडातून "न्हाई"च निघतं.