उलट्या हाताचे जाधवकाका

जाधवकाका कुठल्याही वायरीला पहिला हात लावायचे तो उलटा. बोटांची मागची बाजू. नुसती टेकवायची, लगेच काढायची. वायर सोडा, विठ्ठलवाडीच्या त्यांच्या घरी फ्रिजचं दार उघडतानासुद्धा आधी उलटा हात. मी विचारलेलं, तर म्हणाले, "सुलट्या हाताला करंट लागला तर मूठ आवळते रे येड्या. मग वायर तू नाही धरत, वायर तुला धरते. उलटा हात झटकला जातो."

टेस्टर होता की खिशात. पण टेस्टर फक्त गिऱ्हाइकाला दाखवायला, असं त्यांचं म्हणणं.

आणि दर वेळी लावायचे. पाणी प्यायला शिडीवरून उतरले, परत चढले, की परत उलटा हात. मी हसायचो. "काका, आत्ताच तर बघितलंत!" त्यावर त्यांचं ठरलेलं: "ते मघाशी. आत्ताचं काय?"

मी चौथी नापास. काकांनीच मला वायरमन केला, म्हणजे त्यांच्याकडून एवढी एक चूक झालीच. पुढे घरांच्या रिनोव्हेशनमध्ये ते मोबाईलवरचं काम आलं. लाइट मोबाईलवर, पंखा मोबाईलवर, पडदेसुद्धा मोबाईलवर. काका म्हणाले, हे आपल्याला झेपणार नाही. मला झेपलं. इंग्रजी येत नाही, पण हिरवं म्हणजे चालू नि राखाडी म्हणजे बंद, एवढं कळायला शाळा कशाला? मी एकदम इंजिनिअरसारखा खिशाला पेन लावून फिरायला लागलो. पेन चालत नव्हतं.

कोपरीत अनघा मॅडमचा फ्लॅट होता. जुनी बिल्डिंग, आतून सगळं नवीन. हॉलच्या सीलिंगला बारा भोकं पाडलेली, बारा वायरी लोंबत होत्या, लाइट एकही बसवलेला नव्हता. मॅडम ऐरोलीला ऑफिसात. सकाळचे अकरा वाजलेले, बाल्कनीतून लख्ख ऊन.

काकांनी शिडी लावत विचारलं, "मेन पाडलास?"

"हो काका."

नव्हता पाडला. मेन स्विच पाडला की अख्ख्या घराची लाइट जाते, वायफाय जातं, मग ती स्विचच्या मागची डबडी परत मोबाईलला जोडत बसा, अर्धा तास जातो. मी मोबाईलवर हॉलचे लाइट बंद केलेले. बारीक राखाडी चित्र. माझ्या मते झालं काम.

काका शिडी चढले, बाराही वायरींना उलटा हात लावून आले. काही नाही. मग मी चढलो. पक्कड खाली राहिलेली. आता मोठे इंजिनिअर पक्कड घ्यायला उतरतात का? ते वायर दातानं सोलतात. मी वायर तोंडाकडे नेली.

"थांब रे."

काका शिडीच्या दुसऱ्या बाजूने चढत होते. सत्तरीकडे आलेला माणूस, गुडघे कुरकुरताहेत, तरी चढतोय.

"अहो काका, पाच मिनिटं पण नाही झाली! बायकोचा गाल आहे का तो, सारखा हात लावायला?"

"ते मघाशी," काका म्हणाले आणि माझ्या ओठापाशी आलेल्या वायरीला उलटा हात लावला.

आवाजबिवाज काही नाही झाला. हात असा उडाला की माझ्या नाकावर बसला. वायर माझ्या हातातून सुटली. काकांचा चष्मा खाली. काका पण खाली गेले असते, पण डाव्या हाताने शिडी धरून राहिले. शिडी थरथरत होती, आणि ती वायर माझ्या तोंडासमोर हळूहळू हलत होती. तिला काही झालंच नव्हतं. मघाशी होती तशीच दिसत होती.

कसेबसे उतरलो. काका भिंतीला टेकून बसले, उजवा हात मांडीवर, बोटं वाकडी. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनघा मॅडम, ऑफिसातून.

"दादा, मी इथून हॉलचे लाइट ऑन केले! सगळ्यांना दाखवत होते. लागले का?"

"मॅडम, लाइट अजून बसवलेच नाहीत."

"अय्या! मग इथे हिरवं का दाखवतंय?"

मी फोन ठेवला. काका माझ्याकडे नाही, दाराजवळच्या वायफायच्या डब्याकडे बघत होते. लुकलुकत होता तो. मेन पाडलेल्या घरात लुकलुकत होता.

"मेन पाडलेलास?" काकांनी परत विचारलं.

"नाही काका."

मला वाटलं, आता कानाखाली. बरं वाटलं असतं. पण ते हळू म्हणाले, "पूर्वी मेनपाशी माणूस उभा करायचो आम्ही. दिसायचा तो. आता बटण दाबणारा कुठं बसलाय, कुणाला माहीत." मग म्हणाले, "जा, पाडून ये." आणि मी पाडून आल्यावर भिंत धरत स्वतः उठून बघून आले.

तो त्यांचा शेवटचा दिवस कामावरचा. उजव्या हाताची दोन बोटं नीट सरळ झालीच नाहीत. मी जायचो भेटायला, ते चहाचा कप डाव्या हाताने घ्यायचे. आधी कपाला उलटं बोट लावून.

मागच्या थंडीत गेले. तापाने. घरी बसायला गेलो, तर काकी सगळ्यांना सांगायला लागल्या, "हाच तो. त्या दिवशी ह्यानं पटकन मेन पाडला म्हणून वाचले हे. किती वेळा सांगायचे!"

काकांनी असं सांगितलं होतं घरी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. खरं सांगायची ती वेळ होती. मी चहा प्यायलो. दोन कप.

आता कामाला एकटा जातो. शिडी लावली, वायरी लोंबताना दिसल्या की दात आपोआप मिटतात. मी स्वतःलाच मोठ्याने विचारतो, "मेन पाडलास?" आणि मीच म्हणतो, "हो काका."

मग जाऊन बघून येतो. उत्तर देणाऱ्याला मी ओळखतो ना.