ग्लासातला गाळ

वरच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम चालू आहे. पाऊस झाला की तिथली लाल माती आमच्या फाटकातून आत येते. काल त्या पाण्याचा एक ग्लास भरून मी खिडकीत ठेवला. सकाळी पट्टी लावून पाहिली, तर तळाशी अडीच सेंटिमीटर गाळ बसला होता.

मोजायची सवय जुनीच. बारा वर्षांपूर्वी हे घर बांधताना विटासुद्धा मी मोजून उतरवून घेतल्या. खोदलेली माती मात्र उताराच्या कडेला तशीच रचली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, खालच्या अंगाला वाळूची पोती लावू का?" मी म्हणालो, "जोतं होऊ दे, मग बघू." जोत्याआधी पाऊस आला आणि तो ढीग खाली राहणाऱ्या आक्कांच्या विहिरीत गेला.

आक्का फाटकाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमची जागा माझ्या विहिरीत उतरलीय. सातबाऱ्यावर चढवून घेऊ का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दोनदा गाळ काढला, पण झरे मोकळे झाले नाहीत. आक्का जाईपर्यंत टँकरचंच पाणी प्यायल्या. हद्दीचे खांब आपण रोवतो, माती ते मानत नाही.

आज ग्लास घेऊन वर गेलो. तिथले तरुण मालक अदबीने म्हणाले, "काका, जोतं होऊ द्या, मग पोती लावतो."

आक्कांचं वाक्य ओठांवर आलं, पण मला ते बोलवेना. ग्लास घेऊन परत निघालो. उतारावर तो हिंदकळला आणि वरचं निवळलेलं पाणी पुन्हा लाल झालं.