माझा जुना आजार, अस्वल

अस्वलानं माझा जबडा फोडला तेव्हा मी वनरक्षक होतो. मोहफुलांचे दिवस होते. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यात जंगलात पट्टे जाळून साफ करतात, ते काम पाहायला दोन मजुरांना घेऊन मी सकाळीच निघालो होतो. मोहाच्या झाडामागे पिल्लं घेऊन मादी होती, ती आम्हाला दिसली नाही. मजुरांनी कुऱ्हाडी आपटून, ओरडून तिला हाकललं, तोवर माझे वरचे दात, गालाचं हाड आणि डाव्या डोळ्याचा कोपरा तिनं निकालात काढला होता. खाटेवर घालून मला सडकेपर्यंत आणलं. नागपूरला जबडा तारेनं बांधला, नंतर वरच्या दातांची कवळी बसवली. बिलं खात्यानं दिली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अस्वलाबद्दल तर अजिबात नाही. तिनं जे केलं ते समोरून केलं आणि आधी माझी सही मागितली नाही.

पुढे मी वनपाल म्हणून निवृत्त झालो आणि वडशाला घर बांधून राहिलो. निवृत्तीनंतर दवाखान्याची बिलं खात्याकडं पाठवायची सोय संपली. म्हणजे शरीर धडधाकट होतं तोवर ते सरकारचं, आणि कुरकुरायला लागलं की माझं. ही अडचण दूर करायला आमच्या पेन्शनरांच्या संघटनेचे अध्यक्ष धावून आले. हे गृहस्थ एका कचेरीत बडे बाबू होते. लोकांना "उद्या या" म्हणण्यात त्यांची हयात गेली, पण आता सगळ्यांचं भलं त्यांना आजच्या आज करायचं होतं. त्यांनी मंगल कार्यालयात सभा बोलावली आणि नागपूरहून विमा कंपनीचा एक टायवाला आणला.

टायवाल्यानं पडद्यावर चित्र दाखवलं. पांढऱ्या केसांचं एक जोडपं समुद्राच्या वाळूत हसत पळत होतं. दोघांचेही सगळे दात शाबूत. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि आमचे गुडघे पाहता पळण्याचा तर प्रश्नच नव्हता. मग त्यानं ऑप्शन सांगितले. एक साधा, एक मोठा, आणि एक 'संपूर्ण', ज्यात दात आणि डोळेसुद्धा होते. दात आणि डोळे माणसाला शरीराबरोबरच मिळतात, असा माझा त्या दिवसापर्यंत समज होता.

मी उठून विचारलं, "मले अस्वलानं मारलं होतं. जबडा, दात, डोळा, सारं एकाच बाजूचं. ते चालते का तुमच्या विम्यात?"

"काका, संपूर्णमध्ये सगळं कव्हर होतं," तो हसून म्हणाला, आणि मी सांगितलं ते त्यानं माझ्यासमोर लिहून घेतलं. मी 'संपूर्ण'वर सही केली.

सभेला सोबत आलेली बायको घरी येताना म्हणाली, "तो तुमच्या तोंडाकडं पाहूनच नाई राह्यला होता. सहीच्या जागेकडं पाहून राह्यला होता."

वर्ष संपायच्या आत त्याच जबड्यात सूज आली. कवळी बसेना, भातही कालवून गिळावा लागे, आणि डाव्या डोळ्यापुढं धुकं साचलं. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, तार बांधली होती तिथलं हाड खराब झालं आहे, ते काढावं लागेल, मग नवे दात. डोळ्यात मोतीबिंदू, तोही जुन्या माराचाच. आम्ही विम्याचं कार्ड घेऊन तिथल्या खिडकीशी गेलो. आतल्या मुलीनं कंपनीला कळवलं, बराच वेळ कॉम्प्युटरकडं पाहिलं आणि म्हणाली, "रिजेक्ट आलंय. आधीपासूनचा आजार म्हणून."

"कोणता आजार?" मी विचारलं.

तिनं पुन्हा वाचलं. थोडी ओशाळली. "अस्वल," ती म्हणाली.

मला बीपी नाही, साखर नाही. मला अस्वल आहे, आणि ते जुनं आहे.

बायकोनं विचारलं, "मंग ते दात आन् डोळे वरून घेतले होते, त्याचं काय बाई?"

त्याचं असं होतं की त्या ऑप्शनमध्ये वर्षातून एकदा दातांची फुकट तपासणी होती आणि नागपूरच्या एका मॉलमध्ये चष्म्यावर सवलत होती. ज्याचं जबड्याचं हाड कुजलंय त्याला दात कसे घासावेत ते शिकवायचं, आणि ज्याला मोतीबिंदू आहे त्याला फ्रेम निवडायला लावायची. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला कंपनीनं बढती दिली असणार.

तरीही आम्ही गाडीनं चंद्रपूरला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबानं आम्हाला बसवलं, थंड पाणी दिलं, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काका, एक मार्ग आहे. अपघातात दात गेले तर पैसे मिळतात. परवा बाथरूममध्ये पाय घसरून पडलो, असं लिहून द्या. डॉक्टरचा तेवढा दाखला आणा."

"आन् अस्वल?" मी विचारलं.

"ते आता विसरून जा."

मी काही बोलायच्या आधी बायको उभी राहिली. "काऊन विसरावं? लपवलं असतं त तुमी आमाले चोर म्हटलं असतं. खरं सांगितलं त आजार म्हणता. आता खोटं लिहा म्हणता. तुमच्या घरी बी असंच बोलता का?"

साहेब कॉम्प्युटरकडं पाहू लागला. नोकरीत मी सागवानचोर पुष्कळ पाहिले. सापडला की चोर मान खाली घालायचा, निदान तेवढी त्याला समज असायची. या माणसाला आपण काही वाईट बोललो असं वाटलंच नव्हतं. उलट तो आमच्यावर उपकार करत होता आणि आम्हालाच ते कळत नव्हते, असा त्याचा चेहरा होता. आम्ही पाणी तसंच ठेवून निघालो.

मग विम्याची मुदत वाढवायची सभा आली. तेच मंगल कार्यालय, तोच टायवाला, पडद्यावर तेच पळणारं जोडपं. अध्यक्षांच्या खांद्यावर कंपनीनं दिलेली शाल होती. ते म्हणाले, "काही लोकांच्या तक्रारी आहेत. पण जंगलखात्यात आयुष्य गेलेल्या माणसांना कागद वाचायची सवय नसते, त्याला कंपनी काय करणार?" पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले.

मी उठलो आणि व्यासपीठाजवळ गेलो. रुमालात बांधून आणलेली कवळी काढून अध्यक्षांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. सुजलेल्या तोंडानं जमेल तसं बोललो. "मले अस्वलाचा आजार आहे म्हणते तुमची कंपनी. बाथरूममधी पडलो असं खोटं लिहून द्या, मंग पैसे देतो म्हणते. हे तुमच्या कागदात कुठी लिहिलं आहे ते तेवढं वाचून दाखवा भाऊ. तुमाले सवय आहे."

अध्यक्षांनी कप बाजूला सरकवला. तेव्हा मागून सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई उठल्या. "आमच्या यांचा मोतीबिंदू बी नाकारला," त्या म्हणाल्या. "विमा काढल्यावर मोतीबिंदूसाठी आधी थांबायची मुदत असते म्हणे. काऊन नाई सांगितलं पहिले?" मग एक मास्तर उठले, मग दुसरे. टायवाला प्रत्येकाला "मेल करा सर" सांगत होता. ज्यांना मेल करता येत होता ते उठून घरी गेले. त्या दिवशी सह्या फार झाल्या नाहीत.

माझा जबडा शेवटी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात साफ झाला. फेऱ्या पुष्कळ झाल्या, बाकावर बसून पाठ धरली, पण तिथं अस्वलाचं नाव ऐकून कोणी हसलं नाही. उलट डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना बोलावून माझं हाड दाखवलं आणि जखम कशी झाली ते मलाच सांगायला लावलं. नव्या दातांवर ज्वारीची भाकर चावता येते. डोळ्याचं ऑपरेशनही तिथंच झालं. पहिल्यासारखं दिसत नाही, पण समोर कोण आहे ते कळतं.

अध्यक्ष अजून अध्यक्षच आहेत. गेल्या हिवाळ्यात ते गालाला मफलर बांधून माझ्या दारात आले. दाढ ठणकत होती. कंपनीनं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. "त्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी कुठी काढते हो?" एवढंच विचारलं. सांगून त्यांना सापडलं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच सोबत गेलो. नागपूर येईपर्यंत एसटीत ते मला पटवत होते की यंदा दुसरी कंपनी आहे आणि तिचा दातांचा ऑप्शन खरोखरच चांगला आहे. मी डोकं मागं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.