आमचा मॅनेजर पुन्हा गेला!

आम्ही तिघं इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबचे भक्त. नाव सांगत नाही, लोक आधीच खूप हसलेत. आमचा क्लब मॅच क्वचित जिंकतो, मॅनेजर मात्र सारखे बदलतो. त्यामुळे ट्रॉफी एकही नाही, किस्से कपाटभर!

मॅच बघायची माझ्याकडे, मोहम्मद बिन झायद सिटीत. देशपांडे येतो दुबईहून, जुमेरा लेक टॉवर्समधून. साळवी थेट रुवैसहून, रिफायनरीतली शिफ्ट संपवून, दोन तास गाडी हाणत. कशाला? तर हरताना बघायला!

*

साळवीला एकदा नव्या मॅनेजरचं इतकं प्रेम आलं, की त्यानं जर्सीच्या पाठीवर त्याचंच नाव छापायला टाकलं.

"अरे, नाव खेळाडूचं छापतात," मी म्हटलं.

"खेळाडू उद्या विकतील. मॅनेजर आपलाच!"

तीन दिवसांनी जर्सी आणायला गेलो, तर त्याच सकाळी क्लबनं मॅनेजरला नारळ दिलेला! दुकानदार टीव्हीकडे बघत म्हणाला, "साब, अभी तो प्रिंट भी नहीं सूखा!"

*

मग आला केअरटेकर मॅनेजर. माझी आई तेव्हा व्हिजिटवर आली होती.

"केअरटेकर म्हणजे काय रे?"

"तात्पुरता गं. नवा माणूस मिळेपर्यंत काम सगळं करायचं, पण पद नक्की नाही."

आई मेथी निवडत म्हणाली, "म्हणजे तू ऑफिसात दोन वर्षं ॲक्टिंग सुपरवायझर आहेस, तसंच!"

साळवीच्या नाकातून चहा आला.

*

त्यानंतरचा मॅनेजर माझा फार लाडका. हरलो की सरळ "चूक माझी" म्हणायचा. त्याला काढलं त्या दिवशी ऑफिसात मोबाईलवर त्याचा निरोप वाचताना माझे डोळेच भरून आले. नेमके आमचे इजिप्शियन साहेब समोर!

"हबीबी, काय झालं?"

मला एवढंच बोलता आलं, "ही लेफ्ट अस, सर."

साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि अर्धा दिवस सुट्टी दिली. खरं सांगायचा धीर मला झाला नाही. सुट्टी घ्यायचा मात्र झाला!

संध्याकाळी साहेब खजुराचा डबा घेऊन दारात! दार बायकोनं उघडलं. साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, नक्की कोण गेलं?

बायको वैतागून म्हणाली, "द मॅनेजर, सर."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "बट आय ॲम द मॅनेजर!"

*

देशपांडे स्वतः एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. "मॅनेजरला वेळ द्या रे," हे त्याचं कायमचं पालुपद. एका आठवड्यात आमच्या क्लबनं पुन्हा मॅनेजर काढला, आणि त्याच आठवड्यात देशपांडेच्या कंपनीनं देशपांडेला.

त्या शनिवारी टीव्ही कोणी लावलाच नाही. व्हिसाचं काय, मुलाच्या शाळेचं काय, याचेच हिशोब चालले. शेवटी त्याचा आठ वर्षांचा मुलगाच म्हणाला, "बाबा, यू गॉट सॅक्ड मिड-सीझन? लाइक अवर मॅनेजर?"

देशपांडे हसायला लागला. हसता हसता रडला. मग साळवी म्हणाला, "क्लबात जागा रिकामी आहे. यल्ला, अर्ज कर!" आणि आम्ही खरोखरच त्याचा सीव्ही क्लबला ई-मेल केला.

दहा दिवसांनी उत्तर आलं! आपला अनुभव उल्लेखनीय आहे, परंतु सध्या आम्ही दिलगीर आहोत.

पुढच्याच आठवड्यात देशपांडेला एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. समोर इंग्रज साहेब. त्यानं विचारलं, "आणखी कुठे अर्ज केलाय?" देशपांडेला खोटं बोलता येत नाही. त्यानं सांगून टाकलं.

"कुठला क्लब?"

देशपांडेनं नाव सांगितलं.

साहेबानं टाय सैल केला, सीव्ही बाजूला ठेवला आणि म्हणाला, "यू हॅव सफर्ड इनफ. कॅन यू स्टार्ट ऑन मंडे?"