जपून उतरावे

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटलं आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर जे दिसतं तेवढंच रिपोर्टात लिहायचं, जे दिसत नाही ते लिहायचं नाही... हे माझं काम, आणि आता तो स्वभावही झालाय. घरात कुणी अंगारे-धुपारे करणारं नाही. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा संजय, म्हणजे माझा नवरा, एवढंच म्हणाला, "नाव घालू नकोस म्हणजे झालं."

तर, नाव घालत नाही. बाकी जसं घडलं तसं सांगते.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. आम्ही नारायण पेठेत नदीच्या बाजूला राहतो. माझे सासरे — आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो — फलटणला शाळेत मराठी शिकवायचे. जन्म तिकडचा, नोकरी तिकडची. पुण्याला यायचे ते कुणाच्या लग्नाला, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत. सासूबाई गेल्यावर मात्र आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. दोनेक वर्षं बरी गेली. मग चष्मा फ्रिजमध्ये सापडायला लागला, संजयला ते त्यांच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारायला लागले... डॉक्टरांनी सांगितलं, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यानं फिरायला न्या. आणि एक वही ठेवा. वेगळं काही बोलले, वागले तर तारीख घालून लिहीत जा.

ते काम माझ्याकडे आलं. सकाळी सात ते आठ, नाना आणि मी. घरातून निघायचं, शनिवार पेठेतून वळसा घालायचा आणि परत.

नानांना एक सवय होती. दिसेल ते मोठ्यानं वाचायचे आणि त्यातलं शुद्धलेखन तपासायचे. पुण्यात या सवयीच्या माणसाला काम कमी पडत नाही! 'सुचना' दिसलं की तिथेच थांबून काठी उगारायचे. पण त्यांच्यामुळे मला एक गोष्ट कळली. वीस वर्षं ज्या रस्त्यानं मी भाजी आणायला जात होते, तो मी पाहिलाच नव्हता. झेरॉक्सच्या दुकानाच्या फ्लेक्समागे एका पाणपोईची संगमरवरी पाटी आहे. कुणीतरी आपल्या आईसाठी बसवलेली. नळ कधीच गेलाय, आई तेवढी राहिली आहे. एका जुन्या इमारतीच्या जिन्यात पानशेतच्या पुराची रेघ आहे, माझ्या डोक्याच्या वर हातभर. तिथे राहणारी मुलं तिच्याखाली उभं राहून उंची मोजतात. एका पिंपळाच्या पारावर एका कुत्र्याचं नाव कोरलंय आणि खाली 'इमानी' एवढंच. नाना हे सगळं शोधून काढायचे. मी "चला हो नाना, मला डबा करायचाय" म्हणत त्यांना ओढायची, पण मनातून मलाही गंमत वाटायला लागली होती.

परतीच्या वाटेवर एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबलचक भिंत लागते. पिवळा चुना, जागोजाग पोपडे. भिंतीच्या कडेला फूटपाथ, आणि त्या फूटपाथवर हौसाबाई भाजी घेऊन बसायची. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावाहून पहिल्या बसनं यायची. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी नाना तिथे थांबले. भिंतीच्या पायथ्याकडे बघत, थोडं अडखळत, म्हणाले, "कैलासवासी द्वारका हिचे स्मरणार्थ ही विहीर धरमार्थ बांधली. जपून उतरावे." आणि लगेच चिडून, "धरमार्थ काय? धर्मार्थ! 'म'वर रफार द्यायला काय होतं?"

मी भिंतीकडे पाहिलं. काही नव्हतं. वाकून पाहिलं, नखानं पोपडा काढून पाहिला. खाली विटा.

"नाना, इथे काही लिहिलेलं नाही."

"बरं," ते म्हणाले. शिक्षक वर्गातल्या ढ मुलीला म्हणतात ना, तसं.

मी वहीत लिहिलं. तारीख, वेळ, ते वाक्य, आणि 'धरमार्थ'सुद्धा. डॉक्टरांनी जसंच्या तसं लिहायला सांगितलं होतं म्हणून.

मग ते रोजचंच झालं. तीच जागा, तेच शब्द, तीच चिडचिड. आठवड्याभरात एक नवीन सुरू झालं. ते हौसाबाईला उठवायला लागले.

"बाई, इथे बसू नका. ही पायरी आहे."

"हितं कुटं पायरी हाय, आजोबा?" ती हसायची. "समदा फूटपाथच हाय की!"

"खाली आहे."

"काय म्हणत्यात वो ताई, आजोबा?"

"काही नाही हो, त्यांना बरं नाहीये," मी हळूच सांगायची. ती समजून घ्यायची. कधी त्यांच्या हातात एखादा पेरू ठेवायची. ते पेरू घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे, "उठा."

त्या फूटपाथवरून स्वतः नाना चालायचे नाहीत. तेवढ्या चार फरशा टाळून रस्त्यावर उतरायचे, मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे, मी त्यांना वर ओढायची. मला आता त्या रस्त्याचा वैताग यायला लागला होता. खरं तर फक्त वैताग नव्हता. लॅबमध्ये काम करतानाही मध्येच ते 'जपून उतरावे' डोक्यात यायचं आणि हातातलं काम थांबायचं. रस्ता बदलावा असं खूपदा वाटलं. पण डॉक्टर म्हणाले होते, रस्ता तोच ठेवा.

संक्रांत होऊन गेली होती. मंगळवार होता. नाना त्या दिवशी सकाळपासून अस्वस्थ होते, बटणं लावू देत नव्हते. भिंतीपाशी पोचलो तर हौसाबाई नुकतीच मांडून बसली होती. गोणपाटावर मेथीची टोपली, कांद्याची पात, पुढे तराजू. नाना तिच्यासमोर उभे राहिले. या वेळी वाचलं नाही. नुसतं म्हणाले, "उठा. आता उठा."

"आजोबा, बोहनी तरी हूं द्या की..."

आणि आयुष्यात कधी वर्गातल्या पोरावर हात न उगारलेल्या माझ्या सासऱ्यांनी वाकून तिची टोपली उचलली आणि सरळ रस्त्याच्या मधोमध भिरकावली. मेथीच्या जुड्या पार पलीकडच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या.

हौसाबाई ओरडत उठली. "आरं देवा, आवं म्हातारं खुळं झालं का काय!" ती जुड्या गोळा करायला रस्त्यात धावली. मी नानांचं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर त्यावर वळ उठले होते. आणि मी ओरडले — भर रस्त्यात, सगळ्यांसमोर — "पुरे झालं! उद्यापासून घरात कोंडून ठेवीन तुम्हाला!"

हे मी बोलले आहे. कुणी विचारलं नसलं तरी मला लिहायचंच होतं.

माझं वाक्य संपायच्या आत मागे आवाज झाला. मोठा नव्हता. पोतं जमिनीवर टाकल्यासारखा, ढप्प. वळून पाहिलं तर हौसाबाईचं गोणपाट नव्हतं. तराजू नव्हता. फरशाही नव्हत्या. भिंतीच्या कडेला काळं भोक होतं, एक माणूस सहज जाईल एवढं, आणि त्याच्या कडेची माती अजून आत सांडत होती. मग बऱ्याच वेळानं — मला तरी तो वेळ फार वाटला — खालून पाण्याचा आवाज आला. वजनं पडली असणार.

हौसाबाई रस्त्यात मेथीची जुडी घेऊन उभी होती. तिनं जुडी खाली ठेवली आणि ती तिथेच, डांबरावर, मट्‌कन बसली.

नाना शांत झाले होते. "चला," ते मला म्हणाले, "तुला डबा करायचाय ना?"

पुढे गर्दी, अग्निशमनची गाडी, दोऱ्या लावून रस्ता बंद. जमिनीखाली पाण्याची लाइन गळत होती, तिनं माती धुऊन नेली, असं तिथले लोक बोलत होते. ते असेल. जमीन का खचली याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण माती काढली तेव्हा खाली दगडी विहीर निघाली. बांधीव, गोल, आत उतरायला पायऱ्या.

मी रोज कामावर जाण्याआधी तिथे जाऊन उभी राहायची. का, ते सांगता येणार नाही. घरी चित्त लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "ताई, दगडावर कायतरी लिवलंय बघा." वरचे दगड सुटे झाले होते म्हणून ते काढून ठेवत होते. जमिनीपासून पुरुषभर खाली, आतल्या बाजूला, पहिल्या पायरीशेजारी तो दगड होता. अक्षरांत गाळ भरलेला. एका माणसानं बाटलीतलं पाणी ओतलं आणि गोणपाटानं चोळलं. आधी 'उतरावे' दिसलं. मग 'द्वारका'. मी तिथेच दोरी धरून उभी होते, आणि मधल्या ओळीकडे मला बघवेना. शेवटी मुकादमानंच वाचलं. अडखळत, अक्षर अक्षर लावत. "ही... विहीर... ध-र-मार्थ..."

'म'वर रफार नव्हता.

घरी येऊन वही काढली. पहिली नोंद दोन महिन्यांहून जास्त जुनी. संजयला दाखवली. तो बराच वेळ वाचत राहिला, मग म्हणाला, "कुठंतरी वाचलं असेल नानांनी. लहानपणी आले असतील." त्याला स्वतःलाही ते पटलं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी त्यानंच फलटणला आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, लहानपणी कसला आलाय, नानांनी पुणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना नोकरी लागलेली होती.

भिंतीसमोर एक स्टेशनरीचं दुकान आहे. मालक ऐंशीच्या पुढचे. त्यांना विचारलं, इथे विहीर होती हे कधी ऐकलं होतं का? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी जन्मल्यापासून इथे फूटपाथ आहे. विहीर असती तर आमच्या तीर्थरूपांनी मला केव्हाच तिच्यात ढकललं असतं. पेन घेणार आहात का?"

मी पेन घेतलं.

विहिरीवर स्लॅब पडला. दगड जवळच्या मारुतीच्या देवळाच्या आवारात ठेवलाय. हौसाबाई आता समोरच्या बाजूला बसते आणि सकाळी आधी दगडावर हळद-कुंकू वाहते. नाना दिसले की पाया पडायची. ते मागे सरायचे, "अहो बाई, काय करताय?" म्हणायचे. टोपली फेकलेली त्यांना आठवतच नव्हती. भिंतीपाशी ते पुन्हा कधी थांबले नाहीत.

इथवरचं मी कसंबसं पचवलं होतं. स्मृती फार विचित्र असते, कुठे काय कानावर पडलं असेल सांगता येत नाही, असं स्वतःला समजावत होते.

मग एप्रिलमधली एक दुपार. त्यांना मधूनच एखादा दिवस अगदी स्वच्छ जायचा, तसा तो दिवस. मला नावानं हाक मारली, आंब्याचा भाव विचारला. मी वही घेऊन शेजारी बसले.

"नाना, छापखान्याच्या भिंतीपाशी तुम्ही रोज वाचायचात ना... विहीर, द्वारका... ते कुठं दिसायचं तुम्हाला?"

"मी कुठं वाचायचो?" ते म्हणाले. "मला काहीच दिसायचं नाही तिथं. ती वाचायची. मी ऐकून म्हणायचो."

"ती कोण?"

"तुझी मैत्रीण. रोज तुझ्या डाव्या बाजूनं चालायची ती."

मी वहीत तारीख घातली.

"बरी होती स्वभावानं," नाना म्हणाले. "पण उच्चार अगदी गावंढळ. किती वेळा सांगितलं, धर्मार्थ म्हण. शेवटपर्यंत सुधारली नाही." मग म्हणाले, "आता येत नाही का गं ती?"

"नाही," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी नाना गेले. त्या दुपारची नोंद वहीत शेवटची आहे. डॉक्टरांना मी ती दाखवली होती. त्यांनी सांगितलं की या आजारात नसलेली माणसं दिसतात, बोलताना ऐकू येतात, त्यात नवल नाही. मान्य. नसलेली बाई दिसणं पुस्तकात आहे. नसलेल्या बाईनं बरोबर सांगणं पुस्तकात नाही. मी हे त्यांना म्हणालेसुद्धा. त्यांनी वही मिटून परत दिली.

ही द्वारका कोण, कुणाची, कशानं गेली, काहीच कळलं नाही. मला माहिती मिळाली नाही आणि आता मी शोधतही नाही. उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, फक्त 'योगायोग' एवढाच शब्द लिहून पाठवू नका, तो मी स्वतःच खूप वापरून पाहिला आहे.

सकाळचं फिरणं मी सोडलेलं नाही. एकटीच जाते. मात्र डावीकडे भिंत ठेवून, तिला इतकी घासून चालते की मध्ये माणूस मावणार नाही.