बाळकृष्ण माझ्याकडे राहायला होता

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर गुरुवारी बायकांचं भजन असायचं. भजन तासभर, गप्पा दोन तास. त्यामुळे भजनं चारच पाठ झाली, किस्से मात्र खंडीभर साठले.

*

केळकरकाकूंचा देव म्हणजे ऑफिसातला साहेब. माहेरी जायच्या आधी त्या देव्हाऱ्यात चिठ्ठी ठेवायच्या, ‘आठ दिवस पूजा होणार नाही, रजा मंजूर व्हावी.’ एकदा दुसऱ्याच दिवशी परत हजर. चिठ्ठी ठेवायची राहिली होती. म्हणाल्या, “विदाउट पे झालं असतं ना!”

*

परबवहिनींचा गणपती त्यांचा दोस्त. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. दिवा रोज लावायच्या, पण तोंड फिरवून. काही सांगायचं झालं तर मुलीला पुढे करायच्या, “तेका सांग, उदबत्ती संपली. आज तसोच रव.”

*

सावंतवहिनींना मूल नव्हतं. त्यांचा बाळकृष्ण पितळेचा, बोटभर, पण त्याला स्वेटर पाच. त्यांच्या घरी भजन रंगात आलं की त्या आतून येऊन सांगायच्या, “जरा हळू गं. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.” आम्ही भजन त्याचंच म्हणत असायचो.

*

माझं मात्र देवाशी कुठलंच नातं जुळत नव्हतं. हात जोडले की वाटायचं, आता ह्याच्याशी कोण म्हणून बोलू? तेवढ्यात गॅसवर दूध उतू जायचं. ह्या बायकांचा मला हेवा वाटायचा, खरं सांगते.

*

मग सावंतवहिनींच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. बाळकृष्ण त्यांनी माझ्याकडे ठेवला आणि बजावलं, दूध कोमट, भात मऊ. दोन दिवस मला चैन नव्हतं. एक डबा हॉस्पिटलात, एक वाटी देवापुढे, नुसती धावपळ.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी विचारलं, “जेवतो का गं नीट?”

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, “सगळं संपवतो.”

त्या उशीवर मागे रेलल्या. “मग झालं. तुझ्याकडे रुळला. आता माझं काही का होईना.”

मी पटकन त्यांचा हात धरला. “खोटं बोलले, वहिनी. दोन दिवस त्याने घास घेतलेला नाही. तुमच्याच हातून खाणार म्हणतो.”

वहिनी ताडकन उठून बसल्या. स्ट्रेचर घेऊन आलेल्या नर्सला म्हणाल्या, “सिस्टर, लवकर आटपा हो. पोर उपाशी आहे माझं.”