पुढं रूळ न्हाईत

२२ फेब्रुवारी. आजचं काम : आप्पांची शाहूपुरीतली खोली रिकामी करून मालकांना किल्ली देणे. भांडी शेजारणीला दिली, गादी टाकून दिली.

आप्पा, माझे वडील, कोल्हापूर स्टेशनवर हमाल होते. गाडी इथे संपते. झोपलेल्यांना उठवत शेवटच्या डब्यापर्यंत जायचं, हे कुणी न सांगितलेलं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. "उठा पावणं, कोल्हापूर आलं. पुढं रूळ न्हाईत!" कोल्हापूरची माणसं म्हणूनच गाडीत निर्धास्त झोपतात.

नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा आप्पांनी माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावरून आणली, खिडकीशी जागा धरली आणि म्हणाले, "झोप काढ निवांत." काढली. जाग आली ती लोणावळ्याला. फोनवर सांगितलं, तर हसत सुटले. "पुण्याच्या पुढं बी रूळ हाईत व्हय गं?" हा विनोद आमच्यात पंचवीस वर्षं चालला.

दिवाळीनंतर त्यांना कायमचं माझ्याकडे आणायचं ठरलं. रजा मिळत नव्हती. खरं तर मी मागितलीच नाही. "एकटे या, मी फलाटावर थांबते," म्हटलं. डबा कुठला घेणार ते विचारलं नाही. झोपू नका, हेही सांगितलं नाही. गाडी आली, मी पुढचे चार डबे पाहिले, गाडी सुटली. आप्पा मागच्या डब्यात झोपले होते. पुणं मागे गेल्याचं कळल्यावर ते चालत्या गाडीतून उतरायला गेले. खिशात माझा नंबर होता, म्हणून पोलिसांचा फोन लवकर आला.

किल्ली देऊन स्टेशनवर तिकीट काढायला गेले. आप्पांच्या ओळखीचे चहावाले मामा म्हणाले, "कोकणात रूळ जानार म्हनं. जानार जानार ऐकून माझं दात पडलं. पन गेलं, तर हितं झोपल्यांना कोन उठवनार गं?"

"मोबाईलला गजर लावतील," मी म्हटलं.

झोप लागली तरी चुकत नाही, ते माझं गाव. आता तिथे खोली नाही, आणि गाडीत मला झोपही येत नाही.

२३ फेब्रुवारी. सकाळच्या गाडीत समोर गडहिंग्लजचे एक आजोबा होते. लेकीकडे, पुण्याला. नीरेपासून घोरत होते. जेजुरी गेली तसं मी त्यांना हलवलं.

"उठा पावणं, पुणं येतंय."

"अजून लई येळ हाय की, बाई!"

"असू दे. जागं ऱ्हावा. पुढं रूळ हाईत."